चांदणीचं जू

लासुर्णे, ता. इंदापूर
१२ ऑगस्ट २०२४

राजलक्ष्मी,

आशीर्वाद पाठवती. घ्यायचा का न्हाय ते तुझं तू बघ.

चिठ्ठी तू बापाला लिहिलीस, उत्तर मी देती. मानसिंगला जुवाचं काय कळतंय? मिसरूड फुटायच्या आत त्याच्या हातात ट्रॅक्टरचं ष्टेरिंग आलं. तुझे सात सवाल त्यानं वाचले, डोकं खाजवलं आन् कागद माझ्या म्होरं टाकला. "आई, हे तुझ्या खात्यातलं हाय." तीन वर्सं नातीनं आजीच्या नावानं एक ओळ लिहिली न्हाय, आन् सवाल मातुर असले धाडले की आजीबिगर कुणाला येऊ न्हाईत. तू हुशार हायेस हे मला तवाबी म्हाईत होतं.

फोनवर का सांगत न्हाय म्हणशील, तर फोन लागला की तुझी आई स्पीकर लावती आन् सगळं घर भोवतीनं बसतं. मला चारचौघांत भांडता येतं, बोलता येत न्हाय. तिसरीपत्तुर शिकले, तेवढ्यात चिठ्ठी भागती. अक्षराला नावं ठेवू नकोस.

आता घे उत्तरं. आबांचं, तुझ्या आज्याचं जू बाभळीचं. बांधावरची बाभळ तोडून वरीसभर सावलीत वाळवली, मग अंथुर्ण्याच्या माऊली सुतारानं घडवलं. तुझा बाप जन्मला त्याच साली. दोन्ही टोकांना भोकं, भोकांत शिवळा. शिवळ मंजी हातभर लाकडी दांडी, बैलाची मान बाहीर सरकू नये म्हणून. मानेखालनं जुपणीचा पट्टा, मधी नांगराला बांधायचा नाडा. आपल्यात ते जू. तो न्हाय, ती न्हाय. मान घातली की जुवाखाली, काढली की जुवाबाहीर. जू कुठं हाय म्हणून इचारलंस. कुठं जाणार? गोठ्यात आड्याला टांगलंय.

सवालांसंगं तू तक्ता धाडलास तो मी दोनदा वाचला. वेल्स का काय तुझं ते गाव, तितले लोक जुवाला याय म्हणतात. समुद्रापल्याडचे येव म्हणतात. आन् ह्या दोघांच्या आजीचा शब्द तू काढायला बसलीस, जी अडीच-तीन हजार वर्सांमागं मेली आन् जिनं काय लिहून ठेवलं न्हाय. काढलासबी. युगोम्. जुवाचं म्हणायचं तर युगी. जुवाला म्हणायचं तर युगूय. लई जुवं असली तर युगा. बाई गं. म्हशीच्या धारा काढताना मी मोठ्यानं म्हणून बघितलं. म्हशीनं कान हलवले, दूध चोरलं न्हाय. शब्द चांगला असणार.

सुप्याच्या पाव्हण्यांम्होरं तू जे बोललीस ते मी इसरले न्हाय. "मला पोरगा बघायचा न्हाय, मला भाषा बघायची हाय." त्यावर मी म्हणले की मेलेल्या माणसांच्या बोलीवर कुणाचं पोट भरलंय, ते तूबी इसरली नसशील. ते मी माघारी घेत न्हाय. पोट भरतंय का न्हाय ते अजून कळायचंय. पर काम बारीक हाय, एवढं कबूल.

साखरबाई

*

लासुर्णे
२ ऑक्टोबर २०२४

राजलक्ष्मी,

पाकीट आलं, माझ्या नावाचं. पोस्टमन म्हणला, "आजी, परदेशातनं कुणी मागणी घातली का काय?" म्हणलं, तुझ्या बापाला इचार, त्याला नकार दिला होता.

शब्दाच्या म्होरं ती चांदणी कशापायी काढतीस ते आत्ता कळलं. मला वाटलं शोभेला. तू लिहिलंस, "आजी, हा शब्द कुणी लिहिलेला सापडत नाही, कुणी ऐकलेला नाही. लेकीबाळींच्या शब्दांवरून आम्ही तो बांधलाय. म्हणून पुढे चांदणी. वाचणाऱ्याला आधीच कळावं की हे सापडलेलं नाही, बांधलेलं आहे." मी हे दोनदा तुझ्या आईकडनं वाचून घेतलं. आपल्या चांद्याच्या कपाळावर असायची तसली चांदणी. फरक येवढाच की त्याच्या चांदणीनं बैल वळखू यायचा, आन् तुझ्या चांदणीनं माणसाचा खरेपणा.

मानलं तुला. हितं माणसं स्वतःच्या डोळ्यांनी न बघितलेलं शपथेवर सांगतात. गावात रोज ऐकती मी. तुमच्यात येवढी शिकलेली माणसं, आन् पयल्या झटक्याला म्हणतात की हे आमी बघितलेलं न्हाय. आन् मग बांधतात असं की कुणी मोडून दावावं.

दोन जुवांसाठी येगळंच रूप असायचं, हे मला लई आवडलं. एक असलं की एक रूप, दोन असली की येगळं, तीनापासनं म्होरं सगळी गर्दी. बरोबर हाय. दोन मंजी थोडे लई असं न्हाय. ज्यानं बैलजोडी हाकलीय त्याला सांगावं लागत न्हाय. पर त्या रूपाम्होरं तू चांदणी टाकून वर प्रश्नचिन्हबी टाकलंस. खात्री न्हाय व्हय? मग असू दे. खोटी खात्री नको.

आता तुझं काम. मार्चात तुला प्रबंधाच्या परीक्षकांम्होरं उभं ऱ्हायचंय आन् पयल्याच पानावर आबांचं जू दावायचंय, फोटो आन् मापं, मग शब्द. चांगलं हाय. आधी वस्तू दावावी, मग नाव सांगावं. फोटो तुझ्या आईनं मोबाईलवर काढला, तो तुला पोचंल. माप मी टेपानं घेतलं. लांबी पावणेसात फूट. जाडी साडेतीन इंच.

फोटोत उजेड कमी हाय. गोठ्यात तेवढाच असतो.

आजी

*

लासुर्णे
२४ नोव्हेंबर २०२४

राजलक्ष्मी,

धरलंस.

तुझी चिठ्ठी वाचून तुझी आई माझ्याकडं बघायला लागली, मी चुलीकडं. ती म्हणली, "आत्याबाई, आता तरी खरं लिहा." तिला पयल्यापासनं सगळं म्हाईत हाय. फोटोत उजेड तिनं उगंच कमी ठेवला न्हाय.

तू लिहिलंस, "आजी, हे आबांचं जू नाही. चौथीच्या सुट्टीत मी त्यावर पालथी पडून दोन्ही हात लांब करायचे. दोन्हीकडं बोटांची टोकं जुवाच्या टोकांना टेकायची. दहा वर्षांच्या पोरीचे हात पावणेसात फूट नसतात. हे कोळपणीचं जू आहे. आबांचं नांगराचं होतं."

व्हय. कोळपणीचंच. सर्जेरावाचं. आख्ख्या गल्लीत आता त्याच्या एकट्याकडं बैलजोडी ऱ्हायलीय. पिकातलं तण काढायला कोळपताना दोन बैल दोन सऱ्यांतनं लांब लांब चालतात, म्हणून जू लांब. नांगराला बैल खेटून लागतात, म्हणून आखूड. चाळीस वर्सं मी शेतात गेले आन् हे मला म्हाईत नसंल व्हय? म्हाईत होतं. वाटलं, वेल्सात बसलेल्या पोरीला आखूड-लांब काय कळतंय. तू तर माझ्यासंगं तेच केलंस जे त्या लोकांच्या शब्दांसंगं करतीस. दोन धागे धरलेस आन् तिसरा, मी लपवलेला, वढून बाहीर काढलास. वाईट वाटलं. त्याहून जास्ती बरं वाटलं. हे लिहायला मला दोन दिस लागले.

आता खरं.

जू न्हाय. मी जाळलं.

तू गेलीस त्या दिशी. सकाळी पुण्याची गाडी दारात आली, सगळी बाहीर आली, मी आले न्हाय. तू उंबऱ्यापाशी थांबलीस हे मला आतनं दिसत होतं. "आजी, येते" म्हणलीस. मी भांडी घासत होते. घासलेलीच भांडी परत घासत होते. गाडी वळली, मी कुऱ्हाड घेतली, गोठ्यात गेले, आड्यावरनं जू खाली पाडलं आन् त्याचे सहा तुकडे केले. आंघोळीचं पाणी तापवलं. कैक वर्सं वाळलेलं बाभळीचं लाकूड, धूर सुदिक आला न्हाय. त्या पाण्यानं तुझ्या बापानं आंघोळ केली. त्याला सांजच्याला कळलं. आठ दिस तो माझ्यासंगं बोलला न्हाय.

तुझ्या आबानं जाताना सांगितलं होतं, "ते जू राजीचं हाय, ती त्याच्यावर वाढलीय, मोडू नका." म्हणूनच जाळलं. राग आला होता. तू कारणं शोधणारी बाई हायेस, म्हणून सांगती, ह्याच्यापल्याड शोधू नकोस. राग आला होता आन् कुऱ्हाड हाताशी होती.

माफी मागत न्हाय. मागून जू परत येणार न्हाय. खोटं माप तुझ्या पानावर छापलं असतंस तर परीक्षकांम्होरं तुझी मान खाली गेली असती, आन् ती माझ्यामुळं गेली असती, तेवढ्याची मातुर मला लाज वाटती. मापं खोडून टाक.

साखरबाई

*

लासुर्णे
१२ जानेवारी २०२५

राजलक्ष्मी,

पाच आठवडे मी पोस्टमनची वाट बघितली. बघितली न्हाय असं लिहिणार होते, पर आता तुझ्यासंगं खोटं लिहायचं सोडलंय.

आन् आल्या त्या दोन ओळी. रागाची एक न्हाय, मायेची एक न्हाय. "आजी, काय काय उरलंय? शिवळा, नांगर, नाडा, कुणाच्या आठवणी. जे उरलं असेल ते सगळं लिही, काही गाळू नकोस."

मी हसले. असली पोरगी मी जन्मात बघितली न्हाय. आजीनं जू जाळलं म्हणून सांगितलं तर ही इचारती राखेत काय ऱ्हायलं. मग मला कळलं की तू रोज हेच करतीस. जे जळालं त्याच्यापायी तू रडत बसत न्हाईस, जे उरलं ते मांडून बघतीस.

मग मीबी मांडलं.

शिवळा दोन्ही हायेत. कुऱ्हाडीच्या पयल्या घावालाच त्या निसटून उडाल्या होत्या. एक कोंबड्यांच्या खुराड्याचा अडसर झालीय, दुसरी तुझ्या आईनं पापड लाटायला नेली होती. त्यांच्या जाडीवरनं भोकाचं माप मिळालं. नांगर मोडका, पर हाय. त्याच्या लांब दांड्यावर जू बसून बसून खाच पडलीय, तेवढी जुवाची रुंदी. आन् लांबी?

लांबीवर चार दिस अडले. तुझे पसरलेले हात म्हणजे लांबी, पर चौथीतले तुझे हात आता कुठनं आणू? अंथुर्ण्याला माऊलीकडं गेले. त्याला आता डोळ्यांनी नुसता उजेड दिसतो. म्हणलं, "माऊली, तू घडवलेलं जू मी जाळलं, तसंच दुसरं पायजे." तो म्हणला, "बरं केलंस, तुझ्या हातनं निदान कायतरी पेटलं." मग म्हणला, "पोरगी हात पसरून मापायची ना? माणसाचे पसरलेले हात आन् माणसाची उंची जवळजवळ सारकीच. तवाची उंची सांग."

राजी, घराच्या चौकटीला तुझ्या आबानं खिळ्यानं रेघा मारलेल्या हायेत. दर दिवाळीला एक. चौथीची रेघ चार फूट चार इंचावर. दर दिवाळीला चौकट रंगवतो, पर ती रेघ खोल हाय, बुजत न्हाय.

लाकडाला इंदापूरला मोईनच्या वखारीत गेले. मोईन म्हणला, "मावशी, बैल कुठं हायेत तुमच्याकडं?"

"बैल न्हाईत. जू पायजे."

"बैलाबिगर जू? हॉटेलात टांगायला काय? हायवेला सगळी टांगतात, लाईटी लावून."

"म्हणणारी माणसं मेली तरी त्यांचा शब्द माझी नात बांधती. बैल गेले तर जू बांधायला काय धाड भरलीय?"

त्याला काय कळलं न्हाय. पर बाभळ त्यानं जुनी काढून दिली, आतनं लाल, वाळलेली, आन् तुझ्यासाठी हाय म्हणल्यावर टेम्पोतनं अंथुर्ण्याला पोच केली. बारामतीच्या कॉलेजात त्याची शबीना तुझ्या वर्गात होती म्हणं. तुझ्या वह्या वाचून पास झाली, असं तिनंच घरी सांगितलंय.

एक गोष्ट अडलीय. मानसिंग म्हणतो जू मधी जरा वाकडं होतं, कमानीवाणी. मी म्हणती सरळ. दोघं शपथेवर सांगतो. माऊलीला आठवत न्हाय. तू काय करतीस असं झालं की? याय आन् येव ह्या दोघांपैकी एकाला तू खोटं पाडत न्हाईस, दोघं खरे ठरतील असं काय होतं ते शोधतीस. तुझ्या कागदात तसंच लिहिलंय. तसं मी करून बघती.

आजी

*

लासुर्णे
२३ फेब्रुवारी २०२५

राजी,

जू झालं.

आधी वाकड्याचं सांगती. नांगराच्या दांड्यावरची खाच मी हातानं चाचपली. मधी खोल हाय, कडेला उथळ. माऊलीनं बोट फिरवलं आन् म्हणला, "जू घडवताना मी सरळच घडवलं असणार. पुढं बैलांच्या जोरानं वाकलं." मंजी मी बघितलं ते नवं असताना, मानसिंग पाळण्यात होता तवा. मानसिंगनं बघितलं ते म्हातारं. दोघांचं खरं. तुझा बाप मला म्हणला, "आई, आपलं दोघांचं बरोबर असं ह्या घरात पयल्यांदाच झालं." माऊलीनं सरळ घडवलंय. वाकायला त्याला बैल लागतील.

आंधळा माणूस, अठ्ठ्याहत्तर वय. लाकूड कोरायचं किकरं हाताला लागलं की त्याला डोळे लागत न्हाईत. मी म्होरं बसून होते. तुझ्या तक्त्यावरची रूपं मी त्याला म्हणून दावली. युगोम्, युगी, युगूय, युगा. तो म्हणला, "हे कुठलं?" म्हणलं, "लांबच्या सुतारांचं. तीन हजार वर्सांमागं असाच कुणीतरी बसला असंल लाकूड घेऊन, त्याचं." किकरं थांबलं. म्हणला, "साखरबाय, मग त्यांचं जू आन् आपलं जू, शब्दाची आई एकच?" म्हणलं, "आईची आई. जोडायचं असा तिचा अर्थ, असं राजी लिहिती." त्यानं लाकडावरनं तळवा फिरवला. मग म्हणला, "पोरीला सांग, माऊलीनं इचारलंय, त्या लोकांत शिवळंला काय म्हणायचे?" तेवढं कळव. त्याला लागून ऱ्हायलंय.

फोटो तुझी आई आज धाडती. ह्या वक्ताला उजेडात काढलाय. मापं: लांबी चार फूट चार इंच, चौकटीच्या रेघंवरनं. भोकं शिवळांवरनं. रुंदी नांगराच्या खाचंवरनं. सरळपणा माझ्या आठवणीवरनं, मानसिंगची आठवण येगळी. कशावरनं काय काढलं ते सगळं लिहिलंय, तुझ्यासारखं. तुझ्या परीक्षकांनी मोडून दावावं.

आन् मधोमध, नाडा बसतो त्याच्या जरा वर, तुला एक खूण दिसंल. माऊलीच्या भट्टीत सळई लाल करून मी माझ्या हातानं ती काढलीय. पाच टोकं काढता काढता एक हुकलं, चारच नीट आली. ती चांदणी हाय. माऊली चिडला, "नव्या जुवाला डाग कशापायी?" म्हणलं, हे आबांचं जू न्हाय, आबांचं जू मी जाळलं. हे मागनं बांधलेलं हाय. बघणाऱ्याला आधीच कळू दे. तुझ्या पानावर टाकशील तर चांदणीसकट टाक. खाली लिही, आजीनं जाळलं, आजीनं बांधलं. मला लाज न्हाय वाटणार.

तू ह्या कामाला निघालीस तवा मी म्हणले होते, मेलेल्यांच्या बोलीवर कुणाचं पोट भरलंय. ते आता माघारी घेती. पोटाचं मला अजून म्हाईत न्हाय. पर मी जाळलेलं जू तुझ्या रीतीनं उभं ऱ्हायलं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्याला चांदणी नको.

ये म्हणून लिहीत न्हाय. तुझी परीक्षा हाय, तिकीट म्हाग, आन् मी काय मरायला टेकले न्हाय. फक्त एवढंच की जू आड्याला टांगायचंय आन् ते एकटीला उचलत न्हाय. एक टोक मी धरलं की दुसरं धरायला माणूस लागतं. मानसिंग म्हणला, मी धरतो. त्याला म्हणलं, तू तुझा ट्रॅक्टर बघ.

तवर भुईवरच ठेवलंय, चांदणीची बाजू वर करून.

आजी